कात्री, डिंक आणि संकेतांक : संगणकीय क्लिपबोर्डचा इतिहास व मराठी मजकूर

बीजसंज्ञा : क्लिपबोर्ड, कट-कॉपी-पेस्ट, मजकूर-संपादन, संकेतन, युनिकोड, मराठी संगणन.

प्रस्तावना

संगणकावर लेखन करणाऱ्यांच्या बोटांना 'कंट्रोल-सी' आणि 'कंट्रोल-व्ही' या जोडकळांची इतकी सवय झाली आहे की त्यांनाही काही इतिहास असेल, याचा विचार सहसा केला जात नाही. प्रश्नपत्रिका तयार करणे, प्रकल्प-अहवाल लिहिणे, महाविद्यालयाच्या स्वयंमूल्यमापन अहवालातील तक्ते भरणे ही सर्व कामे आज या दोन कळांच्या आधारे चालतात. निवडलेला मजकूर संगणकाच्या स्मृतीत तात्पुरता ठेवणारी आणि हव्या त्या ठिकाणी तो पुन्हा उमटवणारी ही सोय 'क्लिपबोर्ड' या नावाने ओळखली जाते. परीक्षेला जाताना विद्यार्थी चिमटा लावलेला जो पॅड बरोबर नेतात, त्याचेच इंग्रजी नाव या सोयीला मिळाले आहे.

वेळेची बचत हा क्लिपबोर्डचा सर्वमान्य गुण होय. परंतु ही बचत नेमकी कशामुळे होते, असा प्रश्न विचारला म्हणजे त्याचे उत्तर केवळ कळांच्या सोयीत सापडत नाही. मजकूर जेथून उचलला जातो आणि जेथे ठेवला जातो, त्या दोन्ही ठिकाणी अक्षरांचे संकेतांक एकच मानले जात असतील, तरच ही बचत होते. रोमन लिपीसाठी १९६३ मध्ये 'अस्की' ही प्रमाणित संकेतावली प्रसिद्ध झाली होती. त्यामुळे इंग्रजी मजकुराच्या बाबतीत ही अट क्लिपबोर्ड येण्यापूर्वीच पुष्कळशी पूर्ण झालेली होती. मराठीला मात्र त्यासाठी एकविसाव्या शतकापर्यंत थांबावे लागले. प्रस्तुत लेखात क्लिपबोर्डच्या विकासाचे प्रमुख टप्पे मांडून मराठी मजकुराच्या संदर्भात त्या विकासाचा अर्थ तपासला आहे.

कागदावरील कात्री आणि डिंक

'कट' आणि 'पेस्ट' हे शब्द संगणकतज्ज्ञांनी नव्याने घडवलेले नाहीत. हस्तलिखितातील एखादा परिच्छेद दुसरीकडे न्यावयाचा असल्यास संपादक तो कात्रीने कापून योग्य जागी डिंकाने चिकटवीत असत. संपूर्ण पान पुन्हा लिहून काढण्याचे श्रम त्यामुळे वाचत. मराठी वृत्तपत्रसृष्टीतही खिळे जुळवण्याची पद्धत मागे पडून छायाक्षरजुळणी आली, तेव्हा ब्रोमाइड कागदावर उमटलेल्या मजकुराच्या पट्ट्या कापून पानाच्या आराखड्यावर चिकटवण्याचे काम 'पेस्टिंग' या नावानेच रूढ झाले.

या कागदी पद्धतीचा एक विशेष येथे लक्षात घ्यावयास हवा. कापलेली पट्टी मराठीत असो, इंग्रजीत असो वा ते एखादे चित्र असो, डिंकाला त्याचे सोयरसुतक नसे. कागदावर उमटलेली आकृती जशीच्या तशी दुसऱ्या कागदावर जात असे. संगणकाच्या पडद्यावर हीच क्रिया आली, तेव्हा आकृतीची जागा संकेतांकांनी घेतली. पुढील सर्व अडचणींचे मूळ या बदलात आहे.

आज्ञेकडून निवडीकडे : १९६५ ते १९७५

संगणकावर मजकूर हलवण्याचे प्रयत्न १९६० च्या दशकात सुरू झाले. बर्कले येथे बटलर लॅम्पसन व एल. पीटर डॉइच यांनी विकसित केलेल्या 'क्यूईडी' या संपादन-प्रणालीत मजकुराचा भाग तात्पुरता साठवण्यासाठी राखीव जागा होत्या. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट यांनी केलेल्या प्रसिद्ध प्रात्यक्षिकात माउसच्या साहाय्याने मजकूर हलवून व त्याची प्रत करून दाखवण्यात आली. तथापि या प्रणाली वापरण्यासाठी आज्ञांचे संकेत पाठ असावे लागत आणि संगणक या क्षणी कोणत्या 'अवस्थे'त आहे, याचे भान सतत ठेवावे लागे.

झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात तयार झालेल्या 'ब्राव्हो' या संपादन-प्रणालीचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. ब्राव्होमध्ये आज्ञा देण्याची अवस्था आणि मजकूर लिहिण्याची अवस्था वेगवेगळी होती. आपण मजकूर लिहीत आहोत अशा समजुतीने आज्ञेच्या अवस्थेत एखाद्याने 'एडिट' या इंग्रजी शब्दाची चार अक्षरे टंकित केली, तर 'ई' या अक्षराने संपूर्ण मजकूर निवडला जाई, 'डी'ने तो पुसला जाई, 'आय'ने लेखनाची अवस्था सुरू होई आणि पडद्यावर 'टी' हे एकच अक्षर उरे. लेखनकार्यात वेळ कोठे खर्च होतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. बोटांच्या वेगापेक्षा मनाच्या संभ्रमात आणि झालेली चूक निस्तरण्यात अधिक वेळ जात असे.

या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये दाखल झालेले लॅरी टेस्लर (१९४५-२०२०) हे अशा अवस्थांचे कट्टर विरोधक होते. झेरॉक्सच्या मालकीची 'जिन अँड कंपनी' ही पाठ्यपुस्तके प्रकाशित करणारी संस्था मॅसॅच्युसेट्स राज्यात होती. तेथील संपादकांसाठी सोपी प्रणाली तयार करण्याचे काम टेस्लर व टिम मॉट यांच्याकडे आले. त्यांनी प्रथम संपादक कागदावर कसे काम करतात याचे निरीक्षण केले आणि त्यांच्याच कामातील कल्पना पडद्यावर आणल्या. यातून १९७५ च्या सुमारास 'जिप्सी' ही प्रणाली सिद्ध झाली. तीत मजकुरावरून माउस ओढून तो निवडावयाचा, 'कट' करावयाचा, नवी जागा दाखवावयाची आणि 'पेस्ट' करावयाचे, असा सरळ क्रम होता. आधी आज्ञा आणि मग मजकूर हा क्रम उलटल्यामुळे अवस्था लक्षात ठेवण्याचे कारण उरले नाही. संगणकाशी पूर्वी कधी संबंध न आलेल्या संपादकांना ती थोड्या सरावाने वापरता येऊ लागली. क्लिपबोर्डच्या जन्मकथेत पाठ्यपुस्तकांच्या संपादकांना असलेले हे स्थान अध्यापकवर्गाने ध्यानात घ्यावे असे आहे.

प्रयोगशाळेतून कार्यालयात

टेस्लर १९८० मध्ये ॲपल कंपनीत गेले. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या 'लिसा' या संगणकात कट, कॉपी व पेस्ट या तिन्ही क्रियांसाठी एक्स, सी व व्ही ही अक्षरे योजण्यात आली. कळफलकाच्या खालच्या ओळीत ती शेजारी-शेजारी असल्याने डाव्या हाताने सहज दाबता येतात. एक्स ही फुलीची खूण, सी हे 'कॉपी'चे आद्याक्षर आणि व्ही हे अक्षर मुद्रितशोधनातील काकपदाच्या खुणेला उलटे केल्यासारखे, अशी त्यामागील संगती सांगितली जाते. लिसाची किंमत सुमारे १०,००० डॉलर असल्याने तिचा प्रसार मर्यादित राहिला. परंतु जानेवारी १९८४ मध्ये आलेल्या मॅकिंटॉशने ही पद्धत सर्वदूर पोहोचवली. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीत १९८५ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच क्लिपबोर्ड होता. तिच्या आरंभीच्या आवृत्त्यांत शिफ्ट-डिलीट, कंट्रोल-इन्सर्ट व शिफ्ट-इन्सर्ट अशा निराळ्या जोडकळा होत्या. १९९२ च्या विंडोज ३.१ पासून एक्स, सी व व्ही यांचा स्वीकार झाला.

या टप्प्यावर क्लिपबोर्डचे स्वरूपही पालटले. एका प्रणालीपुरती मर्यादित असलेली ही सोय आता संगणकावरील सर्व प्रणालींची सामाईक जागा बनली. विंडोजमध्ये एखादी प्रणाली क्लिपबोर्डवर मजकूर ठेवते, तेव्हा तो एकाच वेळी अनेक रूपांत उपलब्ध करून देऊ शकते. एक्सेलमधून उचललेला तक्ता वर्डमध्ये चौकटींसह उमटतो आणि नोटपॅडमध्ये केवळ शब्द व आकडे येतात, याचे कारण हेच. घेणारी प्रणाली आपल्याला समजणारे रूप निवडते. ज्या रूपात मजकूर समजेल असे एकही रूप दोहोंमध्ये समान नसेल, तेथे देवाणघेवाण थांबते.

वेळेचे गणित

क्लिपबोर्डमुळे वाचणाऱ्या वेळेचा अंदाज बांधण्याचे साधनही पालो आल्टो येथील त्याच केंद्राशी निगडित आहे. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान व ॲलन न्यूएल यांनी १९८० मध्ये मांडलेल्या प्रतिमानात संगणकावरील प्रत्येक लहान क्रियेला सरासरी कालावधी दिलेला आहे. कुशल टंकलेखकास एक कळ दाबण्यास ०.२ सेकंद, माउसने एखाद्या जागेचा वेध घेण्यास १.१ सेकंद आणि हात कळफलकावरून माउसवर नेण्यास ०.४ सेकंद लागतात, असे त्यात मानले आहे. या हिशोबाने हात माउसवर नेऊन, यादी उघडून, तीतील आज्ञा निवडून हात परत आणण्यास सुमारे ३.४ सेकंद लागतात. जोडकळ दाबण्यास ०.४ सेकंद पुरतात. एका क्रियेमागे तीन सेकंद म्हणजे शंभर क्रियांमागे पाच मिनिटे वाचतात.

ही बचत उपयुक्त असली तरी दुय्यम आहे. खरी बचत पुन्हा टंकन करावे न लागण्यात आहे. महाराष्ट्रातील शासकीय टंकलेखन परीक्षेची मराठीसाठीची प्राथमिक गती मिनिटाला ३० शब्द अशी आहे. या गतीने ३०० शब्दांचे एक पान उतरवण्यास दहा मिनिटे लागतात. २०० पानांचा प्रबंध पुन्हा टंकित करावयाचा झाल्यास ६०,००० शब्दांसाठी २,००० मिनिटे, म्हणजे तेहतीस तासांहून अधिक वेळ हवा. मुद्रितशोधनाचा वेळ निराळाच. क्लिपबोर्ड निरुपयोगी ठरल्यास किती मोल द्यावे लागते, याची कल्पना या आकड्यांवरून येते. मराठी लेखकांना व अध्यापकांना हे मोल प्रत्यक्षात द्यावे लागले.

फाँटच्या भिंती

भारतीय लिपींसाठी संगणकीय प्रमाण ठरवण्याचे काम भारतात वेळेवर सुरू झाले होते. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले 'जिस्ट' तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेत वाढीस लागले. 'इस्की' या नावाने ओळखली जाणारी भारतीय लिपींची संकेतावली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. परंतु छपाईच्या व्यवसायात वेगळीच वाट रुळली. संगणकीय अक्षरजुळणीत गरज होती ती सुबक छापील पानाची. त्यामुळे रोमन अक्षरांसाठी राखलेल्या २५६ स्थानांवर देवनागरीचे तुकडे, म्हणजे अर्धी अक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या, रफार, बसवून फाँट तयार करण्यात आले. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे डीव्हीबी-टीटी मालिकेतील फाँट असे अनेक संच प्रचारात आले आणि प्रत्येक संचाची मांडणी स्वतंत्र होती.

अशा फाँटमधील मजकूर कॉपी केला असता क्लिपबोर्ड आपले काम चोख करीत असे. मात्र तो अक्षराची आकृती न नेता संकेतांक नेत असे. एका वर्ड दस्तऐवजातून दुसऱ्या वर्ड दस्तऐवजात मजकूर नेताना फाँटचे नावही बरोबर जात असल्याने तो मराठीच दिसे. तोच मजकूर नोटपॅडमध्ये, ई-मेलमध्ये किंवा दुसऱ्या कंपनीच्या फाँटमध्ये ठेवला की त्याच्या जागी रोमन अक्षरे, स्वरचिन्हे व विरामचिन्हे यांची खिचडी उमटे. लेख पाठवणाऱ्याने सोबत फाँटही पाठवावा, न जमल्यास छापील प्रत पाठवावी आणि घेणाऱ्याने ती पुन्हा टंकित करावी, हा त्या काळातील नित्याचा व्यवहार होता. कात्री आणि डिंक यांनी जे काम बिनतक्रार केले असते, ते या संगणकाला जमत नव्हते.

अडचण केवळ निरनिराळ्या स्थानांची नव्हती, क्रमाचीही होती. या फाँटमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवली जात. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि 'क' नंतर येई. 'मूर्ती' या शब्दातील रफार 'ती'च्या नंतर नोंदवला जाई. उच्चारात मात्र तो 'ती'च्या आधी आहे. त्यामुळे अशा मजकुरात शब्द शोधणे किंवा सूची अकारविल्हे लावणे दुरापास्त झाले. पुढे तयार झालेल्या परिवर्तक प्रणालींना स्थान बदलण्याबरोबरच वेलांटी व रफार योग्य जागी नेण्याचेही काम करावे लागले.

युनिकोड आणि सामाईक संकेतांक

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग मिळाला आणि त्याची मांडणी १९८८ च्या इस्कीवर आधारलेली होती. अक्षरे उच्चारक्रमाने साठवावयाची आणि त्यांची जोडणी पडद्यावर करावयाची, हे इस्कीचे तत्त्वही त्यात आले. मात्र प्रमाण प्रसिद्ध होणे आणि ते रोजच्या वापरात येणे यांत मोठे अंतर असते. २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० या प्रणालीत देवनागरीची सोय व 'मंगल' हा फाँट उपलब्ध झाला. त्यानंतरही पेजमेकरसारख्या अक्षरजुळणीच्या प्रणाली युनिकोड जाणत नव्हत्या. युनिकोड न जाणणाऱ्या प्रणालीत मराठी मजकूर पेस्ट केला असता प्रश्नचिन्हांची रांग उमटे. त्यामुळे लेखक युनिकोडमध्ये आणि छापखाना जुन्या फाँटमध्ये, अशी फाळणी दीर्घकाळ टिकली.

ज्या उपक्रमांनी आरंभापासून युनिकोड स्वीकारले, त्यांना क्लिपबोर्डचा पूर्ण लाभ मिळाला. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया हे त्याचे ठळक उदाहरण होय. अनेकांनी निरनिराळ्या ठिकाणी बसून एकाच लेखात भर घालणे सामाईक संकेतांकांवाचून शक्य झाले नसते.

युनिकोडनेही सर्व प्रश्न सुटले असे नाही. 'ॲ' या मराठी अक्षराला स्वतंत्र स्थान २००८ च्या ५.१ या आवृत्तीत मिळाले. तोपर्यंत 'अ' लिहून त्यावर चंद्र देण्याची रीत होती. परिणामी 'ॲप' हा शब्द दोन प्रकारे साठवलेला आढळतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण शोध घेताना एक रूप दिल्यास दुसरे सापडेलच असे नाही. 'दऱ्या', 'तऱ्हा' यांतील अर्ध्या 'र'चीही हीच कथा आहे. वेगवेगळ्या ठिकाणांहून मजकूर उचलून एकत्र केलेल्या दस्तऐवजात ही दोन्ही रूपे शेजारी-शेजारी नांदतात. सूची करणाऱ्या संशोधकाने याची तपासणी आवर्जून करावी.

एकाऐवजी अनेक

मूळ क्लिपबोर्डची एक मर्यादा दीर्घकाळ कायम राहिली. त्यावर एका वेळी एकच वस्तू मावत असे आणि नवे काही कॉपी करताच जुने नाहीसे होई. मॅकिंटॉशमध्ये कायमच्या साठ्यासाठी 'स्क्रॅपबुक' ही वेगळी सोय होती. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या २००० च्या आवृत्तीत बारा आणि पुढील एक्सपी आवृत्तीत चोवीस नोंदी ठेवण्याची व्यवस्था झाली. ऑफिसबाहेर मात्र ती मर्यादितच होती. संपूर्ण विंडोज प्रणालीसाठी क्लिपबोर्डचा इतिहास जतन करण्याची सोय ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० सुधारणेत आली. ती एकदा सुरू केल्यावर विंडोज-व्ही ही जोडकळ दाबताच अलीकडील नोंदींची यादी दिसते. वारंवार लागणारी नोंद, उदाहरणार्थ महाविद्यालयाचे पूर्ण नाव व पत्ता, यादीत कायमची अडकवून ठेवता येते. इतर नोंदी संगणक पुन्हा सुरू केल्यावर पुसल्या जातात. भ्रमणध्वनीच्या क्षेत्रातही हा प्रवास सावकाशच झाला. २००७ च्या आयफोनमध्ये कॉपी-पेस्टची सोय नव्हती. ती २००९ मध्ये आली.

सुलभतेची दुसरी बाजू

जे सहज उचलता येते, ते विचार न करताही उचलले जाते. पूर्वी टिपण हाताने उतरवून घेताना वाचक मजकुराची निवड करी, त्याचा संक्षेप करी आणि नकळत त्यावर मननही करी. क्लिपबोर्डने हा मधला टप्पा ऐच्छिक केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करणारे विनियम काढून दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडाविना सोडले आणि त्यापुढील साम्यासाठी चढत्या दंडाची तरतूद केली. या तपासणीलाही सामाईक संकेतांकांचाच आधार लागतो, ही बाब दुर्लक्षिली जाते. जुन्या फाँटमध्ये बंदिस्त असलेला मराठी मजकूर शोधात सापडत नाही. म्हणजेच त्यातील चौर्य उघडकीस येत नाही, तसेच त्याच्या मूळ लेखकाचे श्रेयही झाकलेले राहते.

जतन होणाऱ्या नोंदींबाबतही सावधगिरी हवी. क्लिपबोर्डचा इतिहास सुरू असलेल्या संगणकावर कॉपी केलेला परवलीचा शब्द किंवा विद्यार्थ्यांचे गुण पुढच्या वापरकर्त्याच्या नजरेस पडू शकतात. विभागातील सामाईक संगणकावर ही सोय बंद ठेवणे किंवा काम संपताच यादी पुसणे श्रेयस्कर होय.

समारोप

जिप्सीपासून विंडोज-व्हीपर्यंतच्या प्रवासातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, क्लिपबोर्डचे यश संपादकांच्या कागदी कामाचे निरीक्षण करण्यातून आले. वापरणाऱ्याने यंत्राची रीत शिकण्याऐवजी यंत्राने त्याची रीत स्वीकारली. दुसरी, या सोयीने वाचणारा वेळ मुख्यतः पुनर्टंकनाचा आहे आणि तो सामाईक संकेतावलीवर अवलंबून आहे. तिसरी, मराठीला ही संकेतावली उशिरा लाभल्यामुळे साधारणतः १९९० ते २०१० या काळात संगणकावर उतरलेले विपुल लेखन आजही अर्धवट बंदिस्त आहे.

या तिसऱ्या निष्कर्षाचा संबंध प्रत्येक महाविद्यालयाशी आहे. त्या काळातील प्रबंध, नियतकालिकांचे अंक, चर्चासत्रांतील निबंध व अभ्यासपत्रिका यांच्या संगणकीय प्रती जुन्या फाँटमध्ये आहेत. तो फाँट आणि तो ओळखणारी व्यक्ती उपलब्ध असेपर्यंत त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर काही मिनिटांचे काम आहे. वेलांट्या व रफार तपासण्यास फार तर काही तास लागतील. फाँट हरवल्यावर छापील प्रतीवरून पुन्हा टंकन करण्यावाचून गत्यंतर राहणार नाही आणि एका प्रबंधामागे तेहतीस तासांचा तोच हिशोब पुन्हा मांडावा लागेल. ग्रंथालयांनी व मराठी विभागांनी आपल्याकडील अशा फाइलींची, त्यांतील फाँटच्या नावासह, यादी करणे ही या कामाची पहिली पायरी ठरेल.